दारात समुद्र, तरी मीठ विकतचं: रेड सीच्या दोन बादल्या कोकणच्या हवेत

घरात प्रवाळांची छोटी टाकी लावायची म्हटलं की मालवण-रत्नागिरीकडे पहिला प्रश्न ठरलेला: समोर एवढा दर्या असताना मीठ विकत कशाला? पावसाळा हे त्याचं उत्तर. जूनपासून नद्या-खाड्यांचं गोडं पाणी किनाऱ्याला येऊन मिळतं, खारटपणा उतरतो, पाणी गढूळ होतं. जेटीच्या आसपास डिझेलचा तवंग बाराही महिने. उन्हाळ्यात भरतीला, खाडीच्या मुखापासून दूर भरलेलं पाणी चालून जाईल, पण ते पुढचे चार महिने पुरवता येत नाही. 60 लिटरच्या टाकीत दगड-वाळू वजा जाता पाणी जेमतेम 50 लिटर. एवढ्याशा पाण्यात खारटपणा खालीवर झाला की प्रवाळ लगेच मिटून घेतात.

म्हणून मीठ. रेड सी या कंपनीचं मत्स्यालयाचं मीठ निळ्या आणि काळ्या अशा दोन बादल्यांत येतं. काळी म्हणजे कोरल प्रो. 35 पीपीटीला, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार या समुद्राच्या खारटपणाला, निळीची अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटांचं प्रमाण) साधारण 8 डीकेएच या मापाची, काळीची 12 च्या आसपास; कॅल्शियमही काळीत जास्त. हाडं भराभर वाढवणाऱ्या कठीण प्रवाळांसाठी काळी बनवली आहे. घरच्या छोट्या टाकीत झोआंथस, मशरूम, लेदर असे नरम प्रवाळ असतील तर निळीच घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत. नरम प्रवाळांना 12 डीकेएचची गरज नाही. शिवाय 8 वर स्थिर असलेल्या टाकीत काळीचं पाणी एकदम पाव भाग बदललं, तर अल्कलिनिटी एका झटक्यात 1 ने चढते. हा धक्का टाळण्यासारखा आहे.

निळीच्या बाजूने दुसरं कारण आपल्या हवेचं. पाणी जितकं गरम आणि अल्कलिनिटी जितकी जास्त, तितका कॅल्शियम कार्बोनेट लवकर खाली बसतो. काळीचं पाणी 4 तासांहून जास्त ढवळत ठेवू नका, असं कंपनीच सांगते. मे महिन्यात 31-32 अंशांच्या खोलीत तर ते तासा-दोन तासांत वापरून टाकावं. बादलीच्या भिंतीला पांढरा थर दिसला, तर पैसे देऊन घेतलेलं कॅल्शियम तिथे चिकटलंय असं समजा. निळीचं पाणी झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत निर्धास्त ठेवता येतं.

कालवायची रीत दोन्हींची एकच. आधी पाणी, त्यात छोटा पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. मिठावर पाणी ओतलं की तळाशी घट्ट द्रावण होतं आणि क्षार तिथेच साका धरतात. 35 पीपीटीसाठी लिटरला सुमारे 38 ग्रॅम, म्हणजे आठवड्याच्या 6 लिटरला 230 ग्रॅम. वाटीने नव्हे, वजनकाट्यावर. प्रवासात जड-हलके कण वेगळे होतात, म्हणून मीठ काढण्याआधी बंद बादली आडवी लोळवून घ्या. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाने तपासा, आणि त्याचं माप साध्या पाण्यावर नाही, 35 पीपीटीच्या तयार द्रावणावर जुळवून घ्या. शून्यावर बरोबर दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 वर चुकू शकतो.

मीठ कितीही चांगलं असलं तरी कालवायचं पाणी खराब असेल तर उपयोग शून्य. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, पण त्यात लोह असतं आणि शेवाळाला ते मानवतं. घरच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात. ते मिसळणारा स्क्रू पूर्ण बंद करा, मिनरल कार्ट्रिजच्या आधी नळी काढा आणि पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन जोडा. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 0 आलं पाहिजे. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की हेच बिनमिठाचं पाणी रोज घालायचं. नवशिके तिथे खारं पाणी घालतात, महिन्याभरात खारटपणा 40 कडे जातो आणि दोष मिठाला मिळतो. पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला पंखाही पाणी उडवूनच टाकी थंड करतो. कोरड्या हवेत ते चांगलं जमतं, आपल्या दमट हवेत पाणी उडतंच कमी, त्यामुळे त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये.

पैसे वाचवायला किनाऱ्यावरची काळी वाळूही आणू नका. रत्नागिरीकडच्या त्या वाळूत इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज असतं. चुंबकाला चिकटणारे कण पंपात जाऊन फिरकी खरवडतात. चुनखडीची अ‍ॅरागोनाइट वाळूच घ्या. आणि समुद्रातून प्रवाळ तर आणायचेच नाहीत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, आणि कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण सगळीकडेच आहे. आपल्या खडकांवर ते आधीच कमी उरलेत. त्यांना तिथेच राहू द्या.

बादलीबद्दल खरी तक्रार एकच: आकार. 22 किलोची स्वस्त पडते, पण या मिठातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतात. कोकणात जुलैमध्ये झाकण जरा सैल राहिलं तरी गोळे होतात. ओल्या मिठाचं वजन खोटं येतं, आणि त्यात क्षारांची आपसात क्रिया होऊन अल्कलिनिटी आधीच उतरलेली असते, म्हणून गोळे फोडून वापरण्यात अर्थ नाही. 7 किलोची बादली घ्या. त्यात साधारण 184 लिटर पाणी होतं: पहिली भरती 50 लिटरची, मग आठवड्याला 6 लिटर धरून पाच महिने. आगोटीत पापड आणि सुकी मासळी हवाबंद डब्यांत जाते, तेव्हाच उरलेलं मीठही एकेक किलोच्या जाड पिशव्यांत बांधून ठेवा, आणि एका वेळी एकच पिशवी उघडा.