सरासरी ४०.३ लिहायची की ४०.३२ ± ०.०७?

साधारण एक मीटर लांबीचा साधा लंबक घ्या आणि २० दोलनांचा वेळ पाचदा मोजा. स्टॉपवॉचचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.१ सेकंद आहे आणि वाचनं आली ४०.२, ४०.५, ४०.१, ४०.४, ४०.४. कॅल्क्युलेटरवर सरासरी दिसते ४०.३२. जर्नलमध्ये कोणता आकडा उतरवायचा?

सार्थक अंकांच्या (मोजमापातले भरवशाचे अंक तेवढेच ठेवायचे, या) नियमाने प्रश्न लगेच सुटतो. प्रत्येक वाचन एका दशांश स्थळापर्यंत आहे, म्हणून सरासरीही ४०.३. (ज्या ५ ने भागलं, ती मोजलेली राशी नाही, नुसती गणती आहे, तिच्यामुळे अंक कमी होत नाहीत. इथे बरेच विद्यार्थी चुकतात.)

दुसरा मार्ग अनिश्चिततेचा: सरासरी किती इकडेतिकडे असू शकते, ते ± लावून लिहायचं. त्याला वेळ लागतो. प्रत्येक वाचनाचं सरासरीपासूनचं अंतर काढून वर्ग करा, वर्गांच्या बेरजेला ४ ने भागा, वर्गमूळ घ्या. प्रमाण विचलन (वाचनं सरासरीभोवती किती पसरली आहेत, त्याचं माप) येतं ०.१६. त्याला √५ ने (वाचनं पाच म्हणून) भागलं की सरासरीची अनिश्चितता ०.०७. उत्तर: ४०.३२ ± ०.०७ सेकंद. शेवटचा २ पूर्ण भरवशाचा नसला तरी पाचदा मोजून कमावलेला आहे, आणि सार्थक अंकांनी तो टाकून दिला होता.

आता हाच प्रयोग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर करा. समजा वाचनं आली ४०.२१, ४०.५३, ४०.०८, ४०.३६, ४०.४७. सरासरी ४०.३३, आणि सार्थक अंकांच्या हिशेबाने चारही अंक ठेवण्याजोगे. पण अनिश्चितता काढली तर ± ०.०८, म्हणजे जवळपास पहिल्याइतकीच. बटण दाबणारा अंगठा तोच होता ना! पहिल्या घड्याळावर नियमाने हातचं सोडलं, दुसऱ्यावर नसलेली अचूकता बहाल केली. माझा कौल इथेच ठरतो: अनेक वाचनांची सरासरी असेल तर ± लिहा.

मात्र ± लिहिलं की झालं, असं नाही. स्क्रू गेजवर तारेचा व्यास पाचही वेळा ०.५२ मिमी आला तर प्रमाण विचलन शून्य येईल, म्हणून चूक शून्य ठरत नाही. तिथे लीस्ट काउंटच्या (०.०१ मिमी) निम्म्याला √३ ने भागून निदान ०.००३ मिमी धरावी लागते. लंबकाची लांबी गोळ्याच्या केंद्राऐवजी हुकापर्यंत मोजली असेल, तर शंभर वाचनांनीही ती चूक जाणार नाही. शिवाय पाचच वाचनं असताना ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ०.०७ ला २.७८ ने गुणावं लागतं आणि ± ०.२० मिळतं. थोड्या वाचनांसाठीचा हा हिशेब डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये मांडला.

एकदाच मोजलेल्या राशीसाठी, किंवा परीक्षेत तसंच विचारलं असेल तर, सार्थक अंक पुरेत. प्रोजेक्टमध्ये ± हवंच. मधल्या पायऱ्यांत आकडे छाटू नका. शेवटी आधी अनिश्चितता एका अंकापर्यंत आणा (तो १ असेल तर दोन ठेवा), मग सरासरी त्याच स्थळापर्यंत.

अनिश्चितता निम्मी करायची असेल तर पाचाऐवजी वीस वाचनं लागतील. त्यापेक्षा २० ऐवजी ४० दोलनं मोजा. अंगठ्याची चूक तेवढीच राहते, पण ४० मध्ये वाटली जाते. वीस वाचनांना लागणाऱ्या निम्म्या वेळात एका दोलनाचा काल तितकाच नेमका मिळतो.