केहिन एफसीआर-एमएक्स ३९ : सुझुकी झेड४०० वर बसवला, त्याविषयी

माझ्या सुझुकी एलटी-झेड४०० या क्वाडचा, म्हणजे वाळू-डोंगरात पळणाऱ्या चारचाकी बाईकचा, मूळचा मिकुनी बीएसआर३६ कार्बोरेटर (इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग, थोडक्यात कार्ब) काढून केहिनचा एफसीआर-एमएक्स ३९ बसवला आणि गाडीचा स्वभावच बदलला. टॉप स्पीड वाढेल या आशेने कुणी घेणार असेल, तर पैसे जपून ठेवा. तिथे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो अंगठ्याने थ्रॉटल (क्वाडचा अॅक्सिलरेटर) दाबल्या क्षणी. आणि आम्ही अॅरिझोनातल्या फिनिक्सकडची मंडळी हिवाळ्यात ज्या वाळूत जातो, तिथे तोच क्षण महत्त्वाचा असतो.

हा प्रयोग काही जगावेगळा नाही. झेड४०० चं ३९८ सीसीचं इंजिन सुझुकीच्याच डीआर-झेड४०० या बाईकवरून आलेलं. त्या बाईकच्या रस्त्यावर चालणाऱ्या ‘एस’ मॉडेलला बीएसआर३६ होता आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या ऑफ-रोड ‘ई’ मॉडेलला कंपनीनेच एफसीआर३९ दिला होता. २००३ साली क्वाड बाजारात आली तेव्हा तिच्या वाट्याला साधा कार्ब आला. म्हणजे हे इंजिन ३९ मिलिमीटर तोंडाच्या कार्बचा घास सहज पचवतं, हे आधीच सिद्ध झालेलं आहे.

मूळ कार्ब वाईट नाही, पण त्याच्या कामाची रीत वेगळी. अंगठ्याने तुम्ही फक्त हवेच्या वाटेतली फुलपाखरू झडप उघडता. पेट्रोलची सुई धरणारी स्लाइड वर उचलतो तो इंजिनचा व्हॅक्यूम, रबरी डायफ्रॅमच्या मदतीने. त्यामुळे गाडी गुळगुळीत चालते, पण एकदम थ्रॉटल दिला की स्लाइड वर यायला जरा वेळ घेते. एफसीआरमध्ये चपटी स्लाइड थेट केबलला जोडलेली, छोट्या रोलर्सवर फिरणारी. अंगठा जितका दाबाल तितकी ती त्याच क्षणी वर. आता अचानक एवढी हवा आत गेली आणि पेट्रोल मागे राहिलं तर इंजिन घुसमटेल, म्हणून सोबत अॅक्सिलरेटर पंप आहे. थ्रॉटल उघडताच तो पेट्रोलची पिचकारी सोडतो.

कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसला, म्हणजे इम्पीरियल सँड ड्यून्सला, याची किंमत कळते. तिथे टेकडीचा चढ बऱ्यापैकी सलग असतो आणि माथ्यावर वाऱ्याने धार धरलेली असते. त्या धारेजवळ वेग किंचित कमी करून पलीकडे काय आहे ते बघावं लागतं आणि लगेच पुन्हा जोर द्यावा लागतो. मूळ कार्बवर याच जागी गाडी दम टाकायची, मागची चाकं रुतायची आणि उतरून ढकलण्याची वेळ यायची. आता थ्रॉटल दिला की पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी धारेवरून निघून जाते. ओल्ड्समोबाइल हिलसारखा मोठा चढ मात्र मी पूर्वी चढायचो तसाच आता चढतो. तिथे थ्रॉटल पूर्ण उघडाच असतो, आणि पूर्ण उघड्या थ्रॉटलवर दोन्ही कार्बांत उन्नीस-बीस.

बसवणं सोपं नाही आणि अवघडही नाही. एफसीआर अंगाने मोठा. एअरबॉक्सकडचा (एअर फिल्टरच्या पेटीकडचा) रबरी बूट हीटगनने थोडा मऊ करून घेतला तर निमूट बसतो. केबल मात्र क्वाडचीच हवी. डीआर-झेडसाठीच्या कार्बला ओढायची आणि परत आणायची अशा दोन केबल लागतात, अंगठ्याच्या थ्रॉटलला एकच असते. म्हणून क्वाडसाठी केबलसकट मिळणारा सेट घेतलेला बरा. कार्ब खोलला तर स्लाइडवरची पातळ व्हॅक्यूम प्लेट कशी होती ते फोटो काढून ठेवा. ती उलटी बसली की रेस खाली उतरतच नाही, आणि माणूस बिचारा आयडल स्क्रू फिरवत बसतो.

पंपाची पिचकारी डोळ्यांनी बघावी, हा माझा आग्रह. इंजिन बंद, पाठीमागचा बूट काढलेला, आत टॉर्च. थ्रॉटल उघडला की पितळी नळीतून पेट्रोलची बारीक सरळ धार निघते. ती वर उचललेल्या स्लाइडच्या खालून सरळ इंजिनकडे गेली पाहिजे, स्लाइडवर आदळता कामा नये. धार रेंगाळत असेल तर पंपाच्या लिंकेजवर एक लहानशी ओ-रिंग चढवतात, तिने ती झटक्यात आणि नेमकी येते. काही आण्यांची वस्तू, पण या कार्बवर तिच्याइतका फायदा कुठलाच महागडा भाग देत नाही.

सेटिंग म्हणजे पेट्रोलचं माप ठरवणारे जेट (छिद्राचे छोटे पितळी तुकडे) निवडणं : कमी थ्रॉटलला पायलट जेट, जास्त थ्रॉटलला मेन जेट. त्यासाठी मी कोल्हापूरला मामांना फोन लावला. त्यांचं आयुष्य आरएक्स १०० आणि बुलेटचे कार्ब उघडण्यात गेलंय. क्वाड त्यांनी कधी चालवली नाही, पण स्पार्क प्लगचा फोटो पाठवला की लगेच उत्तर यायचं. “अरे, काळा हाय की अजून. मेन जेट एक नंबर खाली घे. विटकरी रंग येईस्तोवर थांबायचं नाही.” “पण मामा, खालच्या रेसला सायलेन्सरमधून फटाके वाजतात.” “मग तो मेनचा प्रश्न नव्हं, पायलटकडं बघ.” एअरबॉक्सचं झाकण काढलेलं आणि सायलेन्सर मोकळा असताना माझ्या गाडीला ४५ चा पायलट आणि १५८ चा मेन मानवला. तुमच्या गाडीला हेच आकडे लागू पडतील असं नाही. आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा फ्यूल स्क्रू कार्बच्या पोटाखाली असतो, तिथे हात पोचत नाही, म्हणून हाताने फिरवता येईल असा लांब स्क्रू आधीच टाकून घ्या.

खरी अडचण उंचीची. फिनिक्स परिसर साधारण १,१०० फुटांवर, ग्लॅमिस त्याहून खाली. उन्हाळ्यात इथे उकडतं म्हणून आम्ही वर फ्लॅगस्टाफजवळच्या सिंडर हिल्सला जातो, ते ७,००० फुटांच्या आसपास. तिथली हवा विरळ, म्हणून तेच जेट तिथे जास्त पेट्रोल देतात, गाडी जड होते आणि प्लग काळा पडतो. बीएसआर हा फरक बराचसा पोटात घ्यायचा. एफसीआर घेत नाही. मी मेन १५० वर आणतो, तेव्हा ती पुन्हा मोकळी होते. ज्याला डोंगरात पायवाटांवर शांतपणे हिंडायचं आहे आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरायची हौस नाही, त्याला मी हा कार्ब सुचवणार नाही. मूळ कार्ब नीट साफ करून घ्या, तो पुरेसा आहे.

पेट्रोल जास्त जातं. प्रत्येक झटक्याला पंप पिचकारी सोडणार, आणि वाळूत झटके सतत द्यावे लागतात. बरोबर जादा कॅन ठेवावा. शिवाय इंजिन बंद असतानाही पंप चालतो, म्हणून उभ्या गाडीवर बसलेल्या पोरांना अंगठ्याच्या थ्रॉटलशी खेळू देऊ नका. दहा-बारा वेळा दाबला की इंजिन पेट्रोलने भरतं आणि मग स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते.

मला सगळा सेट साडेपाचशे डॉलरच्या आत पडला. इंटरनेटवर याच्या निम्म्याहून कमी किमतीत हुबेहूब दिसणारे नकली कार्ब मिळतात. त्यातल्या सुया आणि जेटांवरच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, आणि चुकीच्या आकड्यावर सेटिंग कधीच जुळत नाही. केहिन कंपनी २०२१ पासून हिताची अस्टेमोमध्ये विलीन झाली आहे, तरी एफसीआरचे जेट, गॅस्केट, सुया आजही सहज मिळतात.

आणि तुमची झेड४०० २००९ ची किंवा त्यानंतरची असेल तर यातलं काहीच तुम्हाला लागू नाही. तिला फ्यूल इंजेक्शन आहे.