ग्लोबल फिशिंग वॉचचा मॅप: समुद्रातली भांडणं कळायला बातम्यांपेक्षा बरा

मासेमारीवरून देशादेशांत भांडणं होतात हे बातम्यांत वाचून माझ्या डोक्यात कधी काही शिरलं नव्हतं. अमक्याने तमक्याची बोट पकडली, निषेध नोंदवला, संपलं. मग हा मॅप सापडला आणि दोन रात्री त्यातच गेल्या. फुकट आहे, नुसतं बघायला लॉगिनपण लागत नाही.

ओशियाना नि स्कायट्रुथ या पर्यावरण संस्था आणि गूगल यांनी मिळून २०१६ ला हा सुरू केला. मोठ्या जहाजांवर टक्कर टाळायला एआयएस नावाचं यंत्र असतं, ते सतत 'मी इथे आहे' असं सांगत असतं, तो सिग्नल सॅटेलाइटने पकडायचा आणि जहाजाचा वेग नि वळणं बघून कॉम्प्युटरने ठरवायचं की हे नुसतं चाललंय की मासे धरतंय. एवढीच आयडिया, पण भारी आहे.

उघडलात की आधी अर्जेंटिनाकडे जा, महिना फेब्रुवारी-मार्च ठेवा आणि ईईझेडच्या, म्हणजे देशाच्या समुद्री आर्थिक हद्दीच्या रेषा चालू करा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल म्हणजे साधारण ३७० किमीपर्यंतचे मासे त्या देशाचे, आणि त्या रेषेला बाहेरून चिकटून ठिपकेच ठिपके, पट्टी ठेवून आखल्यासारखे! बरेचसे चिनी, शिवाय तैवान, कोरिया, स्पेनचेही. यातली बहुतेक जहाजं स्क्विडसाठी आलेली, म्हणजे माकुल. रात्रीच्या दिव्यांचा लेयर लावून बघा, स्क्विड उजेडाकडे येतो म्हणून जहाजं असले भगभगीत दिवे लावतात की भर समुद्रात शहर वसल्यासारखं दिसतं. आता स्क्विडला कुठली रेषा आणि कुठलं काय, एक वर्षाचं त्याचं आयुष्य, त्यात तो आत-बाहेर करणारच. रेषेच्या आत परवान्याशिवाय धरला तर गुन्हा, चार किमी बाहेर धरला तर तिथे अर्जेंटिनाचं काही चालत नाही, जहाजावर ज्याचा झेंडा त्याचाच कायदा. मार्च २०१६ मध्ये आत घुसलं म्हणून त्यांच्या कोस्ट गार्डने 'लू यान युआन यू ०१०' या चिनी जहाजावर गोळ्या झाडल्या आणि ते बुडालं (माणसं वाचली).

डेटा २०१२ पासूनचा आहे, त्यामुळे १९९५ ला कॅनडाने स्पेनचं 'एस्ताई' ट्रॉलर २०० मैलांच्या बाहेर जाऊन धरलं होतं ते काही इथे दिसणार नाही. तरी कॅनडाच्या पूर्वेकडच्या ग्रँड बँक्सवर झूम करा. त्या उथळ भागाची दोन टोकं रेषेबाहेर आलीत, मासे तिथेही आहेत, म्हणजे भांडण होणारच होतं.

आता कमी काय ते. लाइव्ह नाहीये, साधारण तीन दिवस मागे असतो. मोबाइलवर नका बघू, निदान माझ्या जुन्या फोनवर तरी हाल झाले. आणि मोठी गोष्ट, ज्याने एआयएस बंद केलं किंवा लावलंच नाही तो या ठिपक्यांत येणारच नाही. २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ग्लोबल फिशिंग वॉचचाच अभ्यास आला, जगातली जवळपास तीन चतुर्थांश औद्योगिक मासेमारी जहाजं अशी उघडपणे ट्रॅक होत नाहीत म्हणे. म्हणून रडारचा लेयर दिलाय, त्यात जहाज दिसतं पण बहुतेक वेळा नाव-गाव नाही. शिवाय ते स्वतःच 'मासेमारी असावी' इतकंच म्हणतात, तेव्हा ठिपक्याचा स्क्रीनशॉट टाकून 'हे बघा चोर' असं करू नका प्लीज.

परवा मी एकाच जहाजाच्या मागे लागलो होतो. रेषेपर्यंत सरळ आलं, सिग्नल गायब, बऱ्याच तासांनी थोडं उत्तरेला परत दिसलं. मधे आत जाऊन आलं, यंत्र बिघडलं की सॅटेलाइटलाच सिग्नल मिळाला नाही, मॅप सांगत नाही. टॅब अजून उघडाच आहे.