केवळ कलाकारांसाठी असलेली समुपदेशन सेवा : सहा महिन्यांनंतर

मी व्यवसायाने कीबोर्डवादक आहे. फक्त कलाकारांसाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन समुपदेशन सेवेचा सहा महिने लाभ घेतल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. त्यात तक्रारही असल्याने सेवेचे नाव देत नाही.

पहिल्याच बैठकीत समुपदेशक बाईंनी किती तास झोपता हे न विचारता, कार्यक्रम संपल्यापासून डोळा लागेपर्यंत काय करता, असे विचारले आणि माझा विश्वास बसला. रंगमंचावरून उतरल्यावर कानांत आवाज घुमत असतो, अंगातला ताण ओसरायला दोन-तीन तास लागतात आणि नेमका त्याच वेळी मद्याचा पेला, बहुधा फुकट, समोर येतो. याआधीच्या समुपदेशकांनी मला रात्री दहाला झोपण्याचा सल्ला दिला होता. दहाला आमचे मध्यंतर नुकतेच संपलेले असते.

नामवंत संगीतकार सत्ताविसाव्या वर्षीच जातात, हा समजही बाईंनी खोडून काढला. ब्रिटनमध्ये १९५६ ते २००७ या काळात ज्यांचे अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचले, अशा १,०४६ संगीतकारांचा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू वाढल्याचे आढळले नाही, मात्र विशी-तिशीतला मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या दुप्पट-तिप्पट निघाला. दौरे सोडले की सुटलो, असे मी धरून चाललो होतो. स्वीडिश डीजे अव्हिचीने २०१६ मध्ये दौरे थांबवले आणि २०१८ मध्ये, २८ व्या वर्षी, तो गेला, हे मला ठाऊक असूनही.

एवढी जाण असलेल्या या सेवेच्या वेळा मात्र सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशा आहेत. एका रात्री एक वाजून वीस मिनिटांनी मी ॲपवर निरोप टाकला. उत्तरादाखल सकाळी पावणेदहाला फोन आला, तेव्हा मी गाढ झोपेत होतो. ॲपने मला 'गैरहजर' ठरवून माझी एक बैठक वजा केली. तक्रारीनंतर बैठक परत मिळाली, वेळा बदलल्या नाहीत. ब्रिटनमधली 'म्युझिक माइंड्स मॅटर' ही संगीतक्षेत्रातल्या लोकांसाठीची फोनसेवा २०१७ पासून चोवीस तास चालते, तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

मी नूतनीकरण केले आहे, परंतु त्या बाईंसाठी. रात्रीसाठी चोवीस तास चालणाऱ्या दुसऱ्या हेल्पलाइनचा क्रमांक कीबोर्डच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे.