लिंगझी कॅप्सूल : डबीत अळंबी किती आणि पीठ किती?

वडिलांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. 'साखर आटोक्यात ठेवणारी चिनी अळंबी, संशोधनाने सिद्ध' ही जाहिरात वाचून त्यांनी लिंगझी या अळंबीच्या साठ कॅप्सूलची ही डबी ऑनलाइन मागवली.

लिंगझीला जपानीत रेइशी म्हणतात. शेन्नोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन चिनी औषधग्रंथात तिला वरच्या श्रेणीतले औषध मानले आहे. तिची छत्री लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत, तांबूस-तपकिरी आणि लाकडासारखी कठीण असते. तिच्यातली ट्रायटर्पीन द्रव्ये इतकी कडू असतात की चव लपत नाही. म्हणून मी एक कॅप्सूल बशीत उघडली. भुकटी फिकट, पांढुरकी निघाली आणि जिभेवर ठेवल्यावर भाजलेल्या पिठासारखी लागली. घरात जखमेसाठी ठेवलेल्या आयोडीनचा एक थेंब टाकताच ती निळीकाळी झाली, म्हणजे तिच्यात स्टार्च भरपूर होता. अळंबीचे तंतुजाल, म्हणजे छत्री येण्याआधी पसरणारे मुळांसारखे धागे, धान्यावर वाढवून ते धान्यासकट दळले की नेमके असेच होते. लेबलावर मात्र केवळ 'लिंगझी ५०० मिलिग्रॅम' एवढेच छापले आहे. छत्री वापरली की तंतुजाल, आणि बीटा-ग्लुकान (अळंबीतले गुणकारी मानले जाणारे द्रव्य) किती, याचा पत्ता नाही.

ही तक्रार एकाच कंपनीपुरती नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या लिंगझीच्या १९ नमुन्यांपैकी फक्त ५ नमुने लेबलाशी जुळले होते.

आता 'सिद्ध' या शब्दाविषयी, कारण मला सर्वांत जास्त चीड त्याचीच आली. उंदरांवर आणि पेशींवर झालेले प्रयोग पुष्कळ आहेत आणि ते उत्सुकता वाढवणारेही आहेत. पण वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली मधुमेह आणि हृदयविकाराच्या जोखमीसंबंधीच्या पाच चाचण्या, एकूण ३९८ रुग्ण, एकत्र तपासल्या तेव्हा या कामासाठी लिंगझी वापरावी असा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे डबीत अस्सल अळंबी असती, तरी जाहिरातीतला दावा टिकला नसता.

वडील रक्त पातळ ठेवणारी गोळीही घेतात आणि अशा गोळीबरोबर लिंगझी घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, अशी सूचना डबीवर कुठेही नाही. डॉक्टरांशी बोलून आम्ही कॅप्सूल चौथ्या दिवशीच बंद केल्या. पाचपैकी एक तारा देतो, तोही वेळेवर घरपोच आल्याबद्दल.