व्हर्बल फ्लुएन्सी चाचणी : पुण्यातील एका वाचा-भाषा उपचार केंद्राचा अनुभव

माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. त्याचा बुद्ध्यंक 50 ते 69 या गटात येतो. गेल्या महिन्यात पुण्यातील एका केंद्रात त्याची व्हर्बल फ्लुएन्सीची, म्हणजे शब्द किती सहज आठवतात याची, चाचणी करून घेतली, त्याविषयीचा हा अभिप्राय. चाचणी दिसायला साधी आहे : एका मिनिटात प्राण्यांची जमतील तेवढी नावे सांगायची, मग ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायचे. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी हीच चाचणी झाली, तेव्हा ‘प्राणी 7, कमी’ एवढीच नोंद हाती पडली आणि घरी काय करावे, हे तिच्यावरून काहीच कळले नाही.

इथल्या ताईंनी कागदावर पंधरा-पंधरा सेकंदांचे चार रकाने आखले होते. मुलाने ‘गाय, म्हैस, बैल, वासरू’ एका दमात सांगितले, ‘कुत्रा, मांजर’ म्हटले आणि तो खिडकीकडे पाहत गप्प बसला. ‘वाघ’ माझ्या ओठांवर आला होता, पण ताईंनी हातानेच मला थांबवले. बऱ्याच वेळाने तो पुन्हा ‘गाय’ म्हणाला. ती त्यांनी मोजली नाही, मात्र चौथ्या रकान्यात वेगळी लिहून ठेवली. गोठ्यातले प्राणी त्याला एकापाठोपाठ आठवतात, म्हणजे शब्द त्याच्याजवळ आहेत, पण एका गटातून निघून दुसऱ्याकडे वळणे त्याला जड जाते, असे त्यांनी नंतर समजावून सांगितले. भाज्यांच्या फेरीत मात्र मेथी, शेपू, गवार, दोडका करत तो बारापर्यंत पोहोचला, कारण दर रविवारी तो माझ्याबरोबर मंडईत येतो.

अक्षराच्या फेरीत त्यांनी घेतलेली काळजी मला सर्वांत मोलाची वाटते. ज्याचे वाचन अजून पक्के नाही, त्याला ‘क’ विचारला की शब्दांऐवजी अक्षरओळखच मोजली जाण्याचा धोका असतो. म्हणून त्यांनी आधी ‘प’वर तोंडी सराव घेतला, ‘का’, ‘कु’ चालतील हे त्याला सांगितले आणि या फेरीचे गुण जपून वाचावेत, असे अहवालात नोंदवले. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या सरासरी गुणांच्या तक्त्याशी त्याची तुलनाही केली नाही.

अहवाल मात्र इंग्रजीत मिळाला. रोज त्याचा अभ्यास घेणाऱ्या त्याच्या आजीला तो वाचता येत नाही, आणि चर्चेसाठी दिलेली दहा मिनिटे फारच अपुरी पडली. चार रकान्यांच्या मूळ कागदाची प्रत मागितल्यावर लगेच मिळाली. ती पालकांनी आवर्जून मागून घ्यावी.