टिळकवाडीतील अमेरिकापूर्व वर्ग: कागदपत्रांत चोख, नागरिकत्वाच्या धड्यात मागे

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी बेळगावच्या टिळकवाडीत चालणाऱ्या एका मार्गदर्शन वर्गात माझी भाची एच-4 व्हिसावर (तिकडे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) नवऱ्याकडे जाण्यापूर्वी शिकली. पालकांनाही मागे बसू देत असल्यामुळे मला बरेच ऐकता आले. व्हिसाची कामे करून देणारे बेळगावात पुष्कळ आहेत, परंतु तिथल्या समाजात कसे मिसळावे हे शिकवणारे विरळाच, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वर्गाची खरी गुणवत्ता पहिल्याच दिवशी दिसते, कारण शिक्षिका प्रत्येकाच्या पासपोर्टातील आडनावाचा रकाना तपासतात. खानापूर, निपाणीकडील काही मुलांचे शाळेचे दाखले आद्याक्षरांच्या पद्धतीने झालेले असतात आणि त्यांवरून निघालेल्या पासपोर्टात आडनाव कोरे राहते. तसे झाले की अमेरिकी व्हिसावर सगळे नाव आडनावाच्या जागी जाते, नावाच्या जागी ‘एफएनयू’ (म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’, नाव अज्ञात) ही अक्षरे येतात, आणि पुढे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत ती निस्तरत बसावी लागतात. एका मुलाला त्यांनी व्हिसाचा अर्ज थांबवून आधी पासपोर्ट दुरुस्त करून आणायला लावले.

समाजात मिसळण्याचा भागही मला मनापासून आवडला. घरी मराठी, सरकारी कचेरीत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी अशी सवय असलेल्या सीमाभागातील मुलीने तिकडे बुजण्याचे कारण नाही, हे शिक्षिका तिच्याकडून बोलून घेतात: मुलाच्या शाळेत फोन कसा करावा, शेजाऱ्याला आपली ओळख कशी करून द्यावी. महाराष्ट्र मंडळात जरूर जा, पण तेवढ्यावरच थांबू नका, हा त्यांचा आग्रह मला योग्य वाटतो. तिथल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत प्रौढांसाठी इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्ग चालतात, ही माहिती तर प्रत्येक सुनेला मिळायला हवी.

नागरिकत्वाचा धडा मात्र जुना आहे. पुस्तिकेत अजून नागरिकत्वाच्या परीक्षेच्या 100 प्रश्नांची यादी असून त्यांतील 10 विचारतात व 6 बरोबर यावे लागतात, असे छापले आहे. 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांना 128 प्रश्नांची तयारी करावी लागते, 20 पर्यंत प्रश्न विचारले जातात आणि 12 बरोबर यावे लागतात. ग्रीन कार्डानंतर साधारण 5 वर्षांनी ही वेळ येते खरी, पण फी घेऊन शिकवताना अशी ढिलाई चालणार नाही. शिवाय हे साहित्य अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

याहून गंभीर उणीव नोकरीविषयी आहे. एच-4 वर गेलेल्या पत्नीला आपोआप काम करता येत नाही. 2015 च्या नियमानुसार साधारणतः नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची आय-140 याचिका मंजूर झाल्यावरच ती कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. त्यापुढे दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षे लांबते. शिकलेल्या मुलीने नोकरी सोडण्यापूर्वी हे ऐकायला हवे. वर्गात ते एका वाक्यात उरकले गेले.

तरीही पासपोर्टाची तपासणी आणि संभाषणाचा सराव यांसाठी मी हा वर्ग सुचवीन. फी भरण्यापूर्वी पुस्तिका नवी झाली आहे का, एवढे विचारून घ्यावे, आणि एच-4 वर जाणाऱ्या मुलीने कामाच्या परवान्याचा प्रश्न पहिल्याच भेटीत काढावा.